चारदा बॅट, बाकी वेळ बाक

नाशिकच्या एका मामांचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा न्यू जर्सीत कॉलेजच्या बेसबॉल संघात आउटफिल्डर आहे आणि खेळणं संपलं की हिटिंग कोच व्हायचं म्हणतोय. मामा विचारतात: तिकडे लांब कुंपणापाशी उभा राहणारा माणूस फलंदाजी काय शिकवणार? आणि बातम्यांत बघावं तर हे कोच दर दोन-तीन वर्षांनी घरी पाठवलेले दिसतात, मग यात करिअर कसलं?

दुसरा प्रश्न खरा आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो. पहिल्यात मात्र थोडा गोंधळ आहे. आउटफिल्डर ही क्षेत्ररक्षणाची जागा. बॅट घेऊन उभं राहणं त्यालाही चुकत नाही. राहुल द्रविड स्लिपमध्ये उभा राहायचा म्हणून तो फक्त झेल शिकवेल असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. उलट शॉर्टस्टॉप किंवा कॅचर चपळ हातांसाठी संघात घेतात, त्याची बॅट जरा बोथट असली तरी चालवून घेतात. डाव्या-उजव्या आउटफिल्डला उभ्या असलेल्याला ती सूट नाही, त्याने धावा आणल्याच पाहिजेत. म्हणून आउटफिल्डमधून आलेले हिटिंग कोच ढिगाने सापडतात.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी व्यावसायिक खेळलेलो नाही. जळगावला असताना सॉफ्टबॉल खेळलो, आणि इथे कॅलिफोर्नियात बे एरियात गेली एकोणीस वर्षं शाळकरी मुलांना बॅटिंग शिकवतो. आधी शनिवार-रविवारी हौस म्हणून, आता पूर्ण वेळ.

भाच्यासमोर ठेवायला एकच उदाहरण निवडायचं तर मी चिली डेव्हिसचं निवडेन. तो सगळ्यात यशस्वी हिटिंग कोच नाही, पण मामांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत सापडतात.

खरं नाव चार्ल्स थिओडोर डेव्हिस. जन्म 17 जानेवारी 1960, किंग्स्टन, जमैका. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेतला, जमैकात जन्मलेला तो पहिला खेळाडू. लहानपणीच घर लॉस एंजेलिसला आलं. केस असे काही कापले गेले की मित्र म्हणाले, डोक्यावर चिलीचा वाडगा उपडा ठेवून कापलेत की काय, आणि ते नाव कायमचं चिकटलं. 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला अकराव्या फेरीत घेतलं, तेही कॅचर म्हणून. मग त्याला आउटफिल्डला हलवला आणि 1981 मध्ये तो मेजर लीगमध्ये आला.

तो स्विच हिटर होता, म्हणजे दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा. पिचर उजव्या हाताने टाकत असेल तर हा डावखुरा उभा राहणार, पिचर डावखुरा असेल तर उजवा. हे थोडं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. 1984 मध्ये त्याची सरासरी .315 होती. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यशस्वी झालेला फलंदाज चांगला समजतात, म्हणजे हे उत्तमच. त्या वर्षी आणि पुन्हा 1986 मध्ये तो ऑल-स्टार संघात होता. जायंट्सचं घरचं मैदान कँडलस्टिक पार्क, तिथल्या गार वाऱ्यावर मात्र त्याचा जाम राग होता आणि तो राग त्याने कधी लपवला नाही. (मी त्या मैदानावर जुलै महिन्यात जॅकेट घालून कुडकुडत बसलेलो आहे. माझी सहानुभूती त्याच्या बाजूने.)

1988 मध्ये तो एंजल्सकडे गेला आणि तिथे आउटफिल्डला त्याने एकाच हंगामात 19 एरर केले. एरर म्हणजे जो चेंडू पकडायलाच हवा होता तो सुटणं, किंवा फेक भलतीकडे जाणं. आउटफिल्डरसाठी 19 हा लाजिरवाणा आकडा आहे. बॅट चालत होती, ग्लोव्ह चालत नव्हता. 1991 मध्ये तो मिनेसोटा ट्विन्सकडे गेला तो मुख्यतः डीएच म्हणून. डीएच, म्हणजे डेसिग्नेटेड हिटर, फक्त पिचरच्या जागी बॅटिंग करतो, क्षेत्ररक्षणाला उतरतच नाही. पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याने हेच काम केलं.

माझ्या मते तो कोच इथे घडला.

डीएचचा दिवस कसा असतो बघा. तीन तासांचा सामना. त्यात चार वेळा, फार तर पाच वेळा बॅटिंग. एका वेळेला दोन-तीन मिनिटं धरा. उरलेला सगळा वेळ तो बाकावर. बाकीचे आठ जण मैदानावर पळतायत, त्यांची अंगं गरम आहेत, मागच्या वेळी तीन स्ट्राइकवर बाद झालो हे विसरायला त्यांना दुसरं काम आहे. याला काहीच नाही. शून्यावर बाद होऊन आला तर पुढची चाळीस मिनिटं त्याच विचारात. अनेक चांगले फलंदाज डीएच केले की ढेपाळतात ते यामुळे. जे टिकतात ते बाकावर बसून काहीतरी करायला शिकतात, आणि करण्यासारखं एकच असतं: समोरच्या पिचरकडे बघणं. दोन बॉल (झोनबाहेरचे, सोडलेले चेंडू) एक स्ट्राइक (हुकलेला किंवा झोनमधून सोडलेला चेंडू) झाल्यावर हा काय टाकतो? बेसवर माणूस असताना घाई करतो का? कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, टाकायच्या आधी ग्लोव्ह जरा जास्त उघडतो का? आणि स्वतःच्या संघातला एखादा का फसतोय, हेही दिसायला लागतं. खेळाडूचा पगार घेऊन माणूस रोज दोन तास कोचगिरीचा सराव करत असतो.

1991 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, 22 ऑक्टोबर, अटलांटा. मेजर लीगचे दोन भाग, अमेरिकन आणि नॅशनल. तेव्हा नॅशनल लीगच्या मैदानावर डीएच चालत नसे, त्यामुळे त्या हंगामात 29 होम रन (थेट कुंपणापार जाणारे फटके) मारलेला डेव्हिस बाहेर बसलेला. आठव्या इनिंगमध्ये ट्विन्स 4-2 ने मागे. बदली फलंदाज म्हणून डेव्हिसला पाठवलं, समोर अलेहांद्रो पेन्या, तापलेला, वेगवान. सात इनिंग थंड बसलेल्या माणसाने चेंडू कुंपणापार घातला आणि बरोबरी केली. सामना ट्विन्स बाराव्या इनिंगमध्ये हरलेच, पण सिरीज जिंकले. हिटिंगचं तंत्र शिकवताना मी मुलांना हा किस्सा सांगतो, कारण त्या एका फटक्यात तंत्राइतकंच महत्त्व सात इनिंग डोळे उघडे ठेवण्याला होतं.

पुढचं भराभर सांगतो. पुन्हा एंजल्स, मग एक वर्ष कॅन्सस सिटी, जिथे वयाच्या 37 व्या वर्षी त्याने 30 होम रन मारले, मग यांकीजकडे दोन वर्षं आणि दोन्ही वर्षी विजेतेपद. 1999 ला निवृत्त. 2,380 हिट, 350 होम रन, 1,372 आरबीआय (त्याच्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा). त्या दिवशी स्विच हिटरांच्या होम रनच्या यादीत त्याच्या पुढे दोघंच होते: मिकी मँटल आणि एडी मरे. मध्येच 1993 मध्ये, सामना हाताबाहेर गेला म्हणून, त्याने दोन इनिंग पिचिंगही केलं आणि एकही धाव दिली नाही. त्याचा कोचिंगशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग तो बराच काळ रोजच्या बेसबॉलपासून लांब होता. 2011 मध्ये बोस्टनच्या ट्रिपल-ए संघात, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, पॉटकेटला, त्याने हिटिंग कोचचं काम घेतलं. तीन वर्ल्ड सिरीज जिंकलेला माणूस मायनर लीगमध्ये विशीतल्या पोरांना फ्लिप टाकत बसलाय, हे भाच्याने नीट लक्षात घ्यावं. फ्लिप म्हणजे पाच-सहा पावलांवर जाळीमागे स्टुलावर बसून खालून हळू चेंडू टाकायचे. दिवसाला दोनशे, तीनशे. खांदा भरून येतो. पण कोचला मुलाचं काय बिनसलंय हे कळतं ते बहुतेक इथेच. जाळीमागे बसलं की फलंदाजाचे हात, पुढचा पाय आणि डोळे एकाच चौकटीत दिसतात. कॅमेऱ्यातही दिसतात म्हणा, पण कॅमेरा चेंडू टाकता टाकता "आज झोप झाली नाही का रे?" असं विचारत नाही.

2012 ते 2014 तो ओकलंड अ‍ॅथलेटिक्समध्ये, म्हणजे आमच्या गावातच. 2012 आणि 2013 दोन्ही वर्षी ओकलंडने विभाग जिंकला. 2015 ला बोस्टन रेड सॉक्सनी त्याला नेलं, आणि मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

बोस्टनच्या धावा बघा. तो यायच्या आधी, 2014 मध्ये, 634. 2015 मध्ये 748. 2016 मध्ये 878, आणि हा त्या वर्षी सगळ्या मेजर लीगमधला सर्वांत मोठा आकडा. मुकी बेट्स .318 आणि 31 होम रन, जॅकी ब्रॅडली सलग 29 सामन्यांत हिट, चाळिशीतला डेव्हिड ऑर्टिझ शेवटच्या हंगामात 38 होम रन. चिली डेव्हिस म्हणजे जादूगार, अशी हवा झाली. मग ऑर्टिझ निवृत्त झाला. 2017 मध्ये संघाचे होम रन 208 वरून 168 वर आले, अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी. संघाने 93 सामने जिंकले तरी हंगाम संपल्यावर मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कोच, गेला आणि डेव्हिसही. 2018 मध्ये टिम हायर्स हिटिंग कोच झाला, धावा पुन्हा 876 आणि वर्ल्ड सिरीज खिशात.

मग 2016 चा जादूगार एका वर्षात बिघडला का? मला नाही तसं वाटत. ऑर्टिझ गेला तेव्हा आकडा पडला आणि 43 होम रन मारणारा जे. डी. मार्टिनेझ आला तेव्हा चढला. कोणाही कोचच्या कामगिरीचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे त्याला कोणते खेळाडू मिळाले हा असतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण 13 फलंदाज बदलता येत नाहीत, एक कोच बदलता येतो. शाळेत दहावीचा निकाल पडला की गणिताच्या सरांची बदली करतात, तसं.

पण एवढ्यावर थांबलो तर मी डेव्हिसचा वकील झालो. दुसरी बाजूही आहे. बेट्स 2017 मध्ये .264 वर घसरला होता; 2018 मध्ये तोच .346 आणि 32 होम रन करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्टिनेझच्या नावावर हे टाकता येत नाही, बेट्सची स्वतःची बॅट बदलली होती. काहीतरी नवीन त्याच्या कानावर पडलं आणि पटलं.

ते नवीन काय, हे समजून घ्यायला जरा तंत्रात शिरावं लागेल.

पिचर उभा असतो दहा इंच उंचीच्या मातीच्या ढिगावर, 60 फूट 6 इंचांवर. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण 0.4 सेकंद लागतात. त्यातला बॅट फिरवायचा वेळ वजा केला तर मारू की सोडू हे ठरवायला पापणी लवण्याइतकाच वेळ उरतो. टप्पा पडत नाही, चेंडू थेट वरून खाली येतो. वेगवान चेंडू पाचेक अंशांनी, कर्व्ह त्याहून जास्त. आणि बॅट गोल, चपटी नाही. गोल लाकडाने गोल चेंडू मारायचा.

जुनी शिकवण अशी की बॅट खाली आण, चेंडू जमिनीलगत जोरात मार, धाव. मीसुद्धा सात-आठ वर्षं पोरांना हेच सांगत होतो. "कुऱ्हाड मार" हे माझं आवडतं वाक्य. एकदा चौदा वर्षांच्या एका मुलाने फोनवर मोठ्या खेळाडूंचे स्विंग अगदी सावकाश लावून दाखवले. म्हणाला, काका, यातला एक तरी कुऱ्हाड मारतोय का? एकही नव्हता. सगळ्यांची बॅट चेंडूला भेटताना किंचित वर चाललेली. आणि ते बरोबरच आहे: चेंडू उतरत्या वाटेने येत असेल तर बॅट त्याच वाटेवर उलट चढायला हवी, म्हणजे दोघांची गाठ पडायला जागा जास्त मिळते. कुऱ्हाडीने वाट एकदाच, एका बिंदूवर छेदली जाते. त्या रात्री मला झोप लागली नाही. किती पोरांचे किती फटके मी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारे, करून फुकट घालवले असतील, हा हिशेब डोक्यातून जाईना.

2015 मध्ये मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बसली. प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन, म्हणजे लॉन्च अँगल, मोजला जाऊ लागला, आणि जमिनीवरच्या फटक्यांत फारसं काही नाही हे आकड्यांत दिसलं. 2017 मध्ये लीगभर 6,105 होम रन पडले, तोवरचा विक्रम. त्याच वर्षी बोस्टनचे अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी. डेव्हिसचा भर वेगळ्या गोष्टींवर होता: पिचर काय करू पाहतोय ते ओळखा, स्ट्राइक झोन सांभाळा, बाहेरचा चेंडू विरुद्ध बाजूला मारा, सगळं मैदान वापरा. त्याला जुन्या वळणाचा ठरवून लोक मोकळे झाले.

2018 ला शिकागो कब्जनी त्याला घेतलं ते मुद्दाम याच शिकवणीसाठी. आदल्या वर्षी त्यांचे 223 होम रन होते, पण चांगल्या पिचरसमोर संघ गप्प व्हायचा. डेव्हिस आल्यावर होम रन 167 वर आले, धावा 822 वरून 761 वर. 95 सामने जिंकूनही शेवटच्या दोन दिवसांत सगळं गेलं: मिलवॉकीशी अधिकचा सामना 3-1 ने, आणि दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोशी तेरा इनिंगनंतर 2-1 ने हरले. दोन दिवसांत 22 इनिंग, दोन धावा. काही दिवसांतच डेव्हिसची नोकरी गेली. क्रिस ब्रायंटचा खांदा दुखावला होता आणि तो 29 होम रनवरून 13 वर आला होता, हे हिशेबात कोणी धरलं नाही. हावियर बाएझ 111 आरबीआय करून सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला, त्याचं श्रेयही कोणी कोचला दिलं नाही.

तिथून निघाल्यावर डेव्हिस पत्रकाराशी बोलला. सांगण्याचा आशय असा होता की मी जे सांगत होतो ते बरोबर होतं, पण आताच्या पिढीला ते कसं सांगायचं ते मला बदलावं लागेल. त्यावर इकडे बरीच चेष्टा झाली, आजोबांची तक्रार म्हणून. मला त्यात चेष्टेसारखं काही दिसलं नाही. वर्गात शिकवणारा कोणीही दर पाच वर्षांनी हेच म्हणत असतो.

माझ्याकडचं उदाहरण देतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, प्रत्येक चेंडू डावीकडे ओढतो. बाहेरचा चेंडू आला की मनगट वळतं आणि फुसका ग्राउंडर. मी त्याला दोन महिने सांगत होतो: खांदा लवकर उघडू नकोस, हात आत ठेव, चेंडू खोलवर येऊ दे. सगळं बरोबर, आणि सगळं फुकट. उभा राहिला की त्याच्या कपाळावर आठ्या. एक दिवस मी टी, म्हणजे ज्यावर चेंडू ठेवतात तो रबरी दांडा, प्लेटच्या (फलंदाजासमोरच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या) बाहेरच्या कडेला आणि थोडा मागे ठेवला. सेकंड बेसच्या उजवीकडे एक रिकामी बादली ठेवली आणि म्हटलं, खांदा-बिंदा विसर, त्या बादलीवरून घाल. तिसऱ्या चेंडूला गेला. दहा मिनिटांत खांदा आपोआप बंद राहायला लागला. मला जे सांगायचं होतं ते दोन महिन्यांपूर्वीही तेच होतं. फक्त आता ते बादलीने सांगितलं.

डेव्हिस पुढे न्यू यॉर्क मेट्सकडे गेला. 2019 मध्ये पीट अलोन्सोने तिथे 53 होम रन मारले, पहिल्याच हंगामात एवढे याआधी कोणी मारले नव्हते. संघाचे 242, क्लबचा विक्रम. म्हणजे हा माणूस होम रनच्या विरोधात आहे ही शिकागोची कुजबुज तिथेच संपायला हवी होती. 2020 मध्ये कोविडमुळे, तब्येतीचा धोका म्हणून, त्याने घरूनच काम केलं. व्हिडिओवर स्विंग बघायचे, फोनवर बोलायचं. त्या छोट्या हंगामात मेट्सची सरासरी .272, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. कोच मैदानावर नसतानाच संघ सगळ्यात चांगला खेळतो, असं कोणी खवचटपणे म्हणू शकेल. म्हणणारे म्हणालेच असतील.

आणि मग 3 मे 2021. हंगाम जेमतेम सुरू झालेला, मेट्सचे 11 विजय, 12 पराभव. फ्रान्सिस्को लिंडोरशी नुकताच दहा वर्षांचा 341 दशलक्ष डॉलरचा करार झालेला आणि त्याची सरासरी .163. दोनच दिवस आधी अलोन्सो आणि मंडळींनी गंमत म्हणून 'डॉनी' नावाचा एक काल्पनिक हिटिंग कोच शोधून काढला होता आणि पत्रकारांना सांगत होते की आम्ही जिंकतोय ते डॉनीमुळे. सेंट लुइसला सामना हरल्यावर रात्री बातमी आली: डेव्हिस आणि त्याचा सहायक दोघांनाही काढलं. खऱ्या कोचची नोकरी गेली, खोट्याची शाबूत.

कोच बदलून काय झालं? मेट्स त्या हंगामात 77 जिंकले, 85 हरले. लिंडोर .230 वर थांबला. 2022 मध्ये तो 26 होम रन आणि 107 आरबीआय घेऊन परतला. चांगले फलंदाज बहुतेकदा परततातच, आणि त्या वेळी बाकावर जो कोच असेल त्याच्या नावावर ते लागतं.

तर मामा, करिअर आहे, पण एका जागची नोकरी नाही. डेव्हिसने दहा वर्षांत मेजर लीगच्या चार संघांत काम केलं, आणि एका जागेवरून निघाला की बहुतेक वेळा पुढच्या हंगामाआधीच दुसरीकडे. तीन वर्षांनी घर बदलायची तयारी बायकोमुलांसकट हवी. घरात रेल्वेतली किंवा बँकेतली बदलीची नोकरी कोणी केली असेल तर भाच्याला सांगायला सोपं जाईल.

मोठा खेळाडू असणं आवश्यक आहे का, हे त्याने विचारलं नाहीये, पण विचारेल. नाही. केव्हिन लाँगही आउटफिल्डर होता आणि मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तोच पुढे यांकीज, मेट्स, वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाचा हिटिंग कोच झाला. 2015 मध्ये त्याच्या हाताखाली डॅनियल मर्फीने चेंडू थोडा लवकर, प्लेटच्या पुढे गाठायला सुरुवात केली. अख्ख्या हंगामात 14 होम रन मारलेल्या माणसाने प्लेऑफमध्ये सलग सहा सामन्यांत होम रन मारले. लॉस एंजेलिस डॉजर्सनी 2019 च्या हंगामासाठी रॉबर्ट व्हॅन स्कॉयॉकला नेमलं, तो तर व्यावसायिक बेसबॉल कधी खेळलाच नव्हता. आणि यांकीजनी 2019 च्या अखेरीस मायनर लीगसाठी रेचल बाल्कोवेकला हिटिंग कोच म्हणून घेतलं, ती सॉफ्टबॉलची कॅचर. आमच्या जळगाव-अमरावतीच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना मी हे नाव मुद्दाम सांगतो.

म्हणजे रस्ते आता बरेच आहेत. पण खेळलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते ती बाकीच्यांना कष्टाने मिळवावी लागते, आणि डेव्हिसकडे ती दुप्पट होती. तो स्विच हिटर होता हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? त्याच्या एकाच अंगात दोन स्विंग होते. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा, दोन्ही मेजर लीगमध्ये चाललेले. एकच बरोबर स्विंग असतो असं अशा माणसाला कोणी पटवू शकत नाही. आपलाच स्विंग सगळ्यांच्या गळ्यात मारणारे माजी खेळाडू मी बघितलेत, त्यातल्या एकाबरोबर एक उन्हाळा कामही केलंय. पोरं सप्टेंबरपर्यंत एकाच साच्यातून काढल्यासारखी उभी राहायची आणि निम्म्यांच्या कमरा दुखायच्या.

भाच्याला आत्ता करण्यासारखं एक काम सांगतो. ज्या सामन्यात त्याला खेळवलं नसेल त्या सामन्यात त्याने वही घेऊन बाकावर बसावं. प्रत्येक चेंडूआधी बॉल-स्ट्राइक किती आहेत ते लिहायचं, पिचर काय टाकेल याचा अंदाज लिहायचा, आणि मग काय टाकलं ते. तीन रकाने, बाकी काही नाही. पहिल्या दोन-तीन सामन्यांत अंदाज बहुधा चुकतील, माझेही चुकायचे. दहा सामने झाले की वहीचे फोटो पाठवा, मी बघतो.